बीपी ११८/८६ होतं, मग एवढी धावपळ कशासाठी?

दांडियाबाजारकर

बडोदेकर मंडळी, उत्तरायण कशी गेली? आमची धास्तीत गेली. मावसभाऊ, वय २४, दुपारी पेच लावता लावता मागे सरकत गेला आणि अगाशीच्या कठड्यावरून खालच्या पत्र्यावर आदळला. डाव्या कुशीवर पडला. लगेच उठून बसला, "काही झालं नाही" म्हणाला, वर फिरकी कुठाय ते विचारलं. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नाही. तरी शेजारच्या काकांनी १०८ ला फोन केला.

गाडीतल्या भाऊंनी बीपी घेतलं, ११८/८६. नाडी १२६. मावशीने हात जोडले, म्हणाली, बीपी छान आहे, घाबरलाय म्हणून नाडी पळतेय. आम्हालाही तसंच वाटलं. पण दवाखान्यात पोचलो आणि तिथल्या डॉक्टरणीचा चेहराच बदलला. तिने त्याचा तळहात धरला, नख दाबून सोडलं, खाटेवरच पोटाची सोनोग्राफी केली. दोन्ही हातांत जाड सुया, रक्तपेढीला फोन, आणि तासाभरात तो ऑपरेशन थिएटरमध्ये. प्लीहा फाटली होती, पोटात रक्त साठलं होतं.

आता घरी आहे, उंधियूची चौकशी करतोय. माझा प्रश्न एवढाच: बीपी चांगलं असताना तिला कळलं कसं? आणि एवढा माणूस आतून रिकामा होत असताना जे यंत्र ११८ दाखवतं, ते नेमकं काय मोजतं?

मांडवीची_मनू

भाऊ वाचला हे उत्तम. पण पतंग कापली कुणी ते लिहिलं नाहीत.

दांडियाबाजारकर

त्याचीच कापली गेली. म्हणूनच मागे सरकत होता.

अतिदक्ष

आयसीयूत भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो, रोजचाच विषय आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

बीपी म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा दाब. आपल्याला खरी काळजी असते ती रक्त पोचतंय का याची, म्हणजे प्रवाहाची. प्रवाह मोजणं अवघड आणि दाब मोजणं सोपं, म्हणून सगळे दाब मोजतात. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. आता दाब ठरतो दोन गोष्टींवर: हे किती लिटर फिरतंय आणि पुढच्या वाहिन्या किती आवळलेल्या आहेत. एक कमी झालं तरी दुसरं वाढवून दाब तोच ठेवता येतो. आणि शरीर तेच करतं. रक्त गळायला लागलं की ॲड्रेनलिनसारखी रसायनं सुटतात, त्वचेच्या, आतड्याच्या, मूत्रपिंडाच्या वाहिन्या आवळल्या जातात, हृदय भराभर ठोके टाकतं. मेंदू आणि हृदयाला रक्त मिळत राहतं, दंडावरचं यंत्र ११८ दाखवतं आणि मावशी हात जोडते.

प्रौढ माणसात ५ लिटरच्या आसपास रक्त असतं. पुस्तकी आकडे धरले तर ३० टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे दीड लिटर जाईपर्यंत, धडधाकट तरुणाचा वरचा आकडा टिकून राहू शकतो. त्यानंतर मात्र हळूहळू उतरत नाही, कोसळतो. तरुण मुलं याच बाबतीत फसवतात. शेवटपर्यंत बोलत असतात.

पण तुमच्या त्या ११८/८६ मध्येही उत्तर होतंच. खालचा आकडा बघा. २४ वर्षांच्या मुलाचा ८६ का? वाहिन्या आवळल्या म्हणून. दोन्ही आकड्यांतलं अंतर ३२, एरवी ४० च्या आसपास असतं. ठोक्यागणिक बाहेर पडणारं रक्त कमी झालं की हे अंतर आक्रसतं. आणि नाडीला वरच्या आकड्याने भागा: १२६ भागिले ११८, एकाच्या वर. निरोगी माणसात हे ०.५ ते ०.७ असतं. डॉक्टरणीने हे गणित बहुधा दारातच केलं असणार.

आजव्याचं_पाणी

सोप्या भाषेत सांगायचं तर नळाचं प्रेशर. टाकीत पाणी अर्धं झालं तरी पाइप अंगठ्याने दाबला की धार लांब जाते. बरोबर ना डॉक्टर?

अतिदक्ष

धारेपुरतं बरोबर. पण तुमचा पाइप स्वतःहून, कुठल्या खोलीचं पाणी तोडायचं ते ठरवून, आवळत नाही. शिवाय टाकीकडे कमी पाणी परतलं म्हणून पंपाची ताकद कमी होत नाही. हृदयाची होते: जितकं भरतं तितकं ते जोराने आकुंचन पावतं. रक्त गेलं की स्नायू चांगला असूनही ठोका हलका पडतो.

फरसाणप्रेमी

चर्चा गंभीर आहे, पण मध्येच विचारतो. माझं बीपी घरच्या मशीनवर सकाळी १४६, पाच मिनिटांनी १३१, तिसऱ्यांदा १३८. बायको म्हणते मशीन भंगारात द्या. मी म्हणतो चिवडा बंद करण्याचा हा कट आहे.

निवृत्त_सिस्टर

मशीन नाही, बसायची पद्धत भंगारात द्या. सरकारी दवाखान्यात उभी हयात गेली माझी, लोक कसे बसतात ते मला ठाऊक आहे. पलंगावर पाय लोंबकळत, पाठीला टेका नाही, हात मांडीवर, तोंड चालू, लघवी तुंबलेली. वर शर्टाच्या बाहीवरून पट्टा. यातली एकेक गोष्ट आकडा वाढवते. बोलण्यानेच दहाएक अंक चढतात. हात हृदयाच्या पातळीच्या १० सेंटीमीटर खाली गेला की ७-८ अंक जास्त येतात. तुमचा दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर यंत्र वर्षानुवर्षं तुम्हाला आजारी ठरवत राहील.

पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या आणि सरासरी लिहा. रोज तिन्ही त्रिकाळ घेऊन घरात दंगा करू नका.

चिवड्याचं मात्र बायको म्हणते ते बरोबर.

फरसाणप्रेमी

माझ्या बाजूने या धाग्यावर कोणीच नाही असं दिसतंय.

इतिहासाचा_किडा

अवांतर. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त काचेच्या उभ्या नळीत किती चढतं ते पाहिलं आणि १७३३ मध्ये छापलं. ८ फुटांहून जास्त चढलं. पारा रक्तापेक्षा कितीतरी जड, म्हणून पुढे तोच मोजमापाला घेतला, नाहीतर दवाखान्यात छतापर्यंत नळ्या लागल्या असत्या. दंडाचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रोचीचा, १८९६ चा. त्यात नाडी बोटाने बघून फक्त वरचा आकडा मिळायचा. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायचे आणि खालचाही आकडा काढायचा, हे रशियन सर्जन कोरोटकॉफने १९०५ मध्ये सांगितलं.

निवृत्त_सिस्टर

आम्ही त्या ठोक्यांवरच वाढलो. आताच्या मुलींना बटणाची सवय. त्या बटणाच्या मशीनचं एक सांगते: ते ठोके ऐकत नाही, पट्ट्यातली थरथर पकडतं, त्यातून मधला दाब काढतं आणि वरचा-खालचा आकडा गणिताने मांडतं. रुग्ण थंडगार पडला असेल किंवा नाडी वेडीवाकडी चालत असेल तर ते गणित चुकतं. दोनदा फुगून तिसऱ्यांदा एक छानसा आकडा देतं आणि सगळे खूश होतात. अशा वेळी हाताने घ्यावं.

कारेलीबागेतला_निळू

अतिदक्ष, म्हणजे बीपीऐवजी नाडी बघितली की झालं?

अतिदक्ष

नाही ना. तुमच्या आजोबांना मेटोप्रोलोल किंवा ॲटेनोलोल चालू असेल तर रक्त गेलं तरी नाडी ८० च्या पुढे जाणार नाही, गोळीने लगाम घातलेला असतो. आणि त्यांचं नेहमीचं बीपी १६५ असेल तर त्यांच्यासाठी ११८ हा आकडा 'छान' नाही, घसरलेला आहे. सुरुवातीच्या प्रश्नातला मुलगा आणि आजोबा शेजारशेजारच्या खाटांवर असतील, दोघांचंही ११८, तर दोघांचीही मला काळजी वाटेल, पण कारणं वेगळी. म्हणून गोळ्यांची पाकिटं सोबत आणा म्हणतो. लोक फायली आणतात दहा वर्षांच्या आणि गोळ्या घरी ठेवतात.

अलकापुरीकर

विषय निघालाच आहे तर उलटा प्रश्न. वडिलांचं बीपी मध्यंतरी २००/११० निघालं. त्रास काही नाही, सहज मोजलं. जवळच्या दवाखान्यात एक कॅप्सूल टाचणीने टोचून जिभेखाली पिळली. अर्ध्या तासात १३०. आम्ही धन्य झालो. पण संध्याकाळपर्यंत बाबा गरगरल्यासारखे बसून होते. हे योग्य होतं का?

अतिदक्ष

ते निफेडिपिन. एके काळी सर्रास पद्धत होती, माझ्या शिक्षकांच्या पिढीने हजारोंना दिलं असेल. पण दाब किती आणि किती वेगाने पडेल यावर काहीच ताबा राहत नाही, त्यातून काहींना पक्षाघात, काहींना हार्ट अटॅक आले. नव्वदीच्या दशकातच याविरुद्ध स्पष्ट इशारे दिले गेले. सवय काही सुटत नाही.

वर्षानुवर्षं चढ्या दाबाला मेंदूच्या वाहिन्या जुळवून घेतात. त्यांना २०० वरून अर्ध्या तासात १३० वर आणलं तर मेंदूला रक्त कमी पडतं. बाबा गरगरत होते ते त्यामुळे असू शकतं. २००/११० आकडा मोठा आहे हे खरं, पण पहिला प्रश्न असतो की कुठल्या अवयवाला इजा होतेय का? छातीत दुखणं, धाप, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं, बरळणं. यातलं काही असेल तर तो खरा तातडीचा प्रसंग, आणि तिथेही दाब शिरेतल्या औषधाने, मोजूनमापून उतरवतात. काहीच नसेल तर शांत बसवा, पुन्हा मोजा, रोजची गोळी चुकली होती का विचारा, आणि दाब पुढच्या काही दिवसांत सावकाश खाली आणा.

रावपुऱ्याची_राणी

हे मला पटत नाही. २०० वर माणसाला घरी पाठवायचं? वाटेत काही झालं तर नातेवाईक डॉक्टरची कॉलर धरतील.

अतिदक्ष

धरतात. म्हणूनच ती कॅप्सूल अजून चालते. आकडा उतरला की दोन्ही बाजूंना बरं वाटतं.

घरी पाठवायचं ते औषध लिहून आणि दोन-तीन दिवसांत परत बोलावून, वाऱ्यावर सोडून नाही. आणि एक याहून विचित्र वाटेल. रक्ताच्या गुठळीने पक्षाघात झालेल्या माणसाचं बीपी १९० असेल आणि गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल, तर आम्ही बहुधा ते तसंच राहू देतो. २२०/१२० च्या वर गेलं तर हात लावतो. अडलेल्या वाहिनीच्या पलीकडच्या भागाला आजूबाजूच्या वाहिन्यांतून जे थोडंफार रक्त मिळतं ते त्या दाबावरच मिळतं. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र १८५/११० च्या खाली आणावं लागतं. ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. म्हणून घरी बीपी उतरवत बसू नका, 'शेवटचं ठीक कधी होता' ती वेळ लक्षात ठेवा आणि निघा.

रावपुऱ्याची_राणी

बरं, हे नवीन कळलं. मग माझं एक. आईचा एको झाला, कागदावर 'पम्पिंग' ५८ टक्के. मामा रडायलाच लागला, ४२ टक्के हृदय निकामी झालं म्हणून. पुण्याहून मावश्या निघाल्या.

अतिदक्ष

मावश्यांना अहमदाबादी गाडीतून उतरवा. ५८ उत्तम आहे. डावा कप्पा भरतो साधारण १२० मिली, त्यातलं ७० बाहेर पडतं, बाकी आतच राहतं. ५५ ते ७० टक्के हे निरोगी हृदयाचं माप. १०० कुणाचंच नसतं, धावपटूचंही नाही.

याची दुसरी बाजू मामाला सांगू नका. पम्पिंग ६० असूनही हार्ट फेल्युअर होतं. स्नायू ताठर झाला की कप्पा नीट भरतच नाही. थोडं भरलं, त्यातलं ६० टक्के बाहेर फेकलं, टक्केवारी सुंदर, माणूस जिना चढताना धापा टाकतोय. जुन्या बीपीवाल्यांत, मधुमेहींत, वयस्कर बायकांत हे बरंच दिसतं. उलट पम्पिंग २५ असलेला माणूस ११०/७० बीपी घेऊन न्यायमंदिराजवळ भाजी निवडताना भेटेल.

मांडवीची_मनू

तुमच्या प्रत्येक प्रतिसादाने एक आकडा माझ्या मनातून उतरतोय. शेवटी राहील काय?

आजव्याचं_पाणी

चिवडा.

कारेलीबागेतला_निळू

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर नवरात्रीत एक मेसेज फिरतो: खिशात सॉर्बिट्रेट ठेवा, गरब्यात कुणाला छातीत दुखलं की लगेच जिभेखाली. ठेवावी का? मी तर वाटल्या होत्या.

अतिदक्ष

ज्याला त्याच्या डॉक्टरने लिहून दिली आहे त्याने ठेवावी. दुसऱ्याच्या तोंडात घालू नका. ती गोळी वाहिन्या सैल करते आणि दाब पाडते. ज्याचं बीपी आधीच ९० आहे तो आणखी खाली जाईल. हृदयाच्या उजव्या कप्प्याला अटॅक असेल तर हृदय परतणाऱ्या रक्तावरच तगून असतं, ते तोडलं की माणूस जागेवर आडवा. पौरुषाच्या गोळ्या घेतलेल्यांतही दाब धोकादायक पडतो, आणि गरब्याच्या मैदानावर हे कोण कबूल करणार?

त्यापेक्षा बसवा, १०८ बोलवा, आणि ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खायला द्या. गिळायची नाही, चावायची, लवकर लागू पडते.

निवृत्त_सिस्टर

आणि तो नुसता छातीत दुखतंय म्हणत नसून कोसळला असेल, हाक मारून हलत नसेल, श्वास नसेल किंवा माशासारखे आचके देत असेल, तर बीपीचं मशीन शोधायला पळू नका! मी स्वतः बघितलंय, माणूस निळा पडतोय आणि चौघं पट्टा बांधतायत. आचके म्हणजे श्वास नव्हे. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून ५ ते ६ सेंटीमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. १०८ वाले फोन स्पीकरवर ठेवायला सांगतात, ठेवा. दमलात की दुसऱ्याने लगेच हात लावायचा.

आजव्याचं_पाणी

फासळी मोडली तर?

निवृत्त_सिस्टर

मोडते कधीकधी. जुळते.

अलकापुरीकर

अजून एक शंका. आत्याला आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा रोज सांगायचे, "बीपी सपोर्टवर आहे, पण बीपी ११० आहे". ११० आहे तर सपोर्ट कशाला? आणि बीपी पडलं तर सलाईन का नाही चढवत सरळ? आम्ही दोनदा म्हणालो, कोणी ऐकलं नाही.

अतिदक्ष

ते ११० आत्याचं नव्हतं, औषधाचं होतं. सपोर्ट म्हणजे बहुतेक वेळा नॉरॲड्रेनलिन, थेंबाथेंबाने पंपातून. वाहिन्या आवळून दाब धरून ठेवतं. घरच्यांनी विचारायचा प्रश्न "बीपी किती" हा नसावा, "औषधाचा वेग कालपेक्षा वाढला की कमी झाला" हा असावा. वेग कमी होत असताना ११० टिकलं तर आत्या सुधारतेय. वेग दुप्पट करून ११० टिकलं तर परिस्थिती बिघडतेय, आकडा तोच.

सलाईनचं म्हणाल तर दाब का पडला त्यावर आहे. जंतुसंसर्गात सुरुवातीला भरपूर लागतं, जुलाब-उलट्यांतही. पण हृदयच थकलं असेल तर चढवलेलं पाणी पुढे ढकलणार कोण? ते फुप्फुसांत साचतं आणि माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. आणि मूळ धाग्यातल्या भावासारखा रक्तस्राव असेल तर लिटरच्या लिटर सलाईनने उरलेलं रक्त पातळ होतं, गोठायची ताकद जाते. त्याला रक्तच द्यावं लागतं आणि गळती बंद करावी लागते.

आम्ही साधारण मधला दाब ६५ च्या वर ठेवायचा प्रयत्न करतो. तो काढायला खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. पण त्याहून मला लघवीच्या पिशवीत रस असतो. ताशी, वजनाच्या किलोमागे अर्धा मिली येत असेल तर मूत्रपिंडाला रक्त पोचतंय.

फरसाणप्रेमी

लघवीच्या पिशवीत रस असतो हे वाक्य डॉक्टरच लिहू जाणे.

दांडियाबाजारकर

धागा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ लांब गेला, आभार. मूळ प्रश्नाचा एक तुकडा राहिला: ती नख दाबून काय बघत होती?

अतिदक्ष

बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडलं की पांढरं पडलेलं पुन्हा गुलाबी व्हायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात. त्वचेच्या वाहिन्या आवळलेल्या असतील तर चार-पाच लागतात. जानेवारीत गच्चीवरच्या वाऱ्यात बसलेल्या माणसाचे हात तसेही गार असतात, म्हणून एवढ्यावर कोणी पोट उघडत नाही. गार हात, घाम, १२६ नाडी, चढलेला ८६, डाव्या कुशीचा मार, हे सगळं मिळून तिने सोनोग्राफी केली. त्यात यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधे किंवा प्लीहेभोवती काळा पट्टा दिसला की ते रक्त. दोन-तीन मिनिटांचं काम.

प्लीहा शिवली की काढली?

दांडियाबाजारकर

काढली.

निवृत्त_सिस्टर

मग लसींचं विचारा. प्लीहा नसली की काही जंतूंशी लढायची ताकद कमी होते: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस, हिब. साधारण दोन आठवड्यांनी देतात. आणि यापुढे त्याला थंडी वाजून ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना, आणि प्लीहा काढलीय हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

दांडियाबाजारकर

डिस्चार्जचा कागद काढून बघितला. खाली तारीख आणि तिन्ही लसींची नावं लिहिलेली आहेत. मावशीने ती कोरोनाची समजून "आपली झालीय" म्हणत कागद कपाटात ठेवला होता. उद्या फोन करतो.